टँकरचा नियम

२ जून, सोमवार. शिफ्टच्या आधी.
घरून फोन. बायकोला ताप. पोरगी अजून मानही धरत नाही, अंगावर पिते. हिच्या छातीत दूध साचून गाठ धरली आहे, नुसता पदर लागला तरी कळ जाते म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या. कसल्या, विचारलं. अँटिबायोटिक.
लगेच सांगितलं, पाजणं बंद! ती म्हणाली, अहो, मी पाजते हे त्यांना आधीच सांगितलं, ते बघूनच दिल्यात. उलट पाजत राहा म्हणाल्या. मी म्हटलं, डॉक्टरीणबाईंना माणसं कळतात. दूध मला कळतं.
कळतंच. डेअरीत आहे मी. टँकर धुतो, पण डोळे उघडे ठेवून धुतो. गोठ्यात एका गाईला जरी अँटिबायोटिक टोचलं, तरी लॅबवाले आख्खा टँकर गेटवरून परत पाठवतात. इथे टँकर परत जातो आणि माझ्या पोरीने तेच प्यायचं?
ती म्हणाली, बरं.
समजावून सांगितलं की ऐकते. जाता जाता हेही बजावलं, अनोळखी नंबर उचलायचा नाही, फसवणारे फार झालेत.
आजपासून घर इथून चालवायचं. तंबाखू बंद.

४ जून. डब्याच्या सुट्टीत.
पावडरच्या दुधाचा डबा आणायला लावला. आणला म्हणाली. पोरगी पिते का? म्हणाली, पोट भरतंय तिचं, काळजी नका करू. बघा! नियम पाळला की सगळं सुरळीत.
फोनमध्ये सारखा चुक् चुक् आवाज. मध्येच घोट घेतल्यासारखा. विचारलं, कसला आवाज? म्हणाली, लाइन खराब असेल. या सिमकंपनीचं काही खरं नाही. बदलणार.
मग सासूबाईंनी फोन घेतला. जावईबापू, तुम्ही तिकडे टँकर धुवा, इकडचं आम्ही बघतो. बरं वाटलं. कामाची वाटणी झालेली चांगली.
तंबाखू थोडी. टेन्शनमुळे. ती धरायची नाही.

५ जून. सकाळी.
तिचा ताप उतरला. तोंड धुता धुता आयडिया सुचली. ताप नाही, मग गोळ्या कशाला? गोळ्या बंद, दूध साफ, पोरगी खूश. गाईचंही तेच, औषध थांबून थोडे दिवस गेले की टँकर पास. सांगितलं तसं. ती म्हणाली, कोर्स अर्धवट सोडायचा नाही म्हणाल्यात. आवाज जरा चढवावा लागला. मग म्हणाली, बरं. पुन्हा चुक् चुक्.
टकल्याला सांगितलं. टकल्या म्हणजे माझ्या रूमवरचा, त्याला पोरं आहेत, केस नाहीत. म्हणाला, तुझी बायको दर वेळी नुसतं बरं म्हणते? हो म्हटलं. हसला. बादली भरून वाहायला लागली तरी हसतच होता. जळतो.

७ जून. संध्याकाळी.
नवीन सिम घेतलं. जिन्यात उभं राहून टकल्याला फोन लावून बघितला. एकदम क्लिअर.
घरून फोन नाही.

८ जून. दुपारी.
फोन नाही. मी केला तर उचलत नाही. वाजतो, वाजतो, बंद होतो. कॅन्टीन ते गेट, गेट ते कॅन्टीन. बसवत नाही, उभं राहवत नाही. ताप उलटला असेल का? गोळ्या मी बंद केल्या. म्हणजे मी नाही, नियमाने.
एकच टँकर परत परत धुतला, दुसरा न धुताच पुढे गेला. सुपरवायझर म्हणाला, महाराज, आहात कुठे? रजा मागितली. कारण विचारलं. म्हटलं, घरी दुधाचं काम निघालंय. म्हणाला, मग इथे काय ताकाचं चाललंय? रजा नाही.
उद्या नोकरी सोडणार. ठरलं.

९ जून.
नोकरी सोडली नाही, कारण त्याहून मोठं सुचलं. लॅबमध्ये पट्टी असते. दुधात बुडवली की अँटिबायोटिक आहे का नाही ते रेघ दाखवते. एक पट्टी कुरिअरने घरी पाठवायची. प्रश्नच मिटला.
लॅबवाल्या मॅडमकडे मागितली. कशाला रे? म्हटलं, घरची म्हैस आहे, गाठ आलीय. ताप? होता. खाते का? खाते, पण आईवर चिडचिड करते. मॅडमनी चष्मा काढून खाली ठेवला. म्हणाल्या, या म्हशीचं माहेर कुठलं?
सगळं सांगून टाकलं.
मॅडम हसल्या नाहीत, तेच वाईट. म्हणाल्या, टँकरचा नियम वेगळा. ते दूध हजार घरी जातं, कुणाला कसली अ‍ॅलर्जी कोण जाणे, आणि त्यात औषध असलं की विरजण लागून दही होत नाही. तुला पोरीच्या पोटात दही लावायचंय का? पाजते हे डॉक्टरांना माहीत असलं की ते चालणारीच गोळी देतात, दुधातून बाळाला बहुतेक अगदी थोडी जाते. जुलाब झाले, अंगावर पुरळ आलं, तर त्यांनाच विचारायचं. पण पाजणं थांबलं की दूध साचतं, गाठ वाढते. गोळ्या मध्येच सोडल्या की ताप उलटतो, पू धरला तर चिरावं लागतं. तुला हे नसते उद्योग शिकवले कुणी?
टँकरने, म्हटलं.
चिरावं लागतं, हे डोक्यातून जाईना. फोन. उचलत नाही. फोन. उचलत नाही. पुडी संपली.

१० जून. सकाळी.
परवानगी द्यायची ठरवलं. पाजायचं, गोळ्याही पूर्ण करायच्या. लॅबमधून खात्री करून घेतली असं सांगायचं, म्हणजे हुकूम मागे घेतला असं दिसणार नाही. फक्त तिने उचलला पाहिजे. देवा, नुसता उचलू दे.
टकल्या दाढी करत होता. आरशातूनच म्हणाला, नवा नंबर तिला दिलायस ना?
तोंडाला फेस लावलेल्या माणसाशी काय बोलणार.
जुनं सिम तंबाखूच्या डबीत होतं. पुसून घातलं. लावला. पहिल्याच रिंगला उचलला आणि रडायलाच लागली. अहो, होतात कुठे? किती फोन केले, जीव टांगणीला लागला इथे सगळ्यांचा.
ताप? नाही. गाठ? विरघळली. गोळ्या? कोर्स पुरा झाला कालच. पुरा? पुरा. आणि तेवढ्यात चुक् चुक्. लाइन खराब आहे म्हणणार होतो. रेंज फुल होती. घोट घेतल्याचा आवाज आला, मग छोटासा उसासा.
तू थांबवलंच नव्हतंस?
नाही हो. पाजून झालं की लगेच गोळी घ्यायची, असं चाललं होतं. तुम्हाला कुठे तिकडे घोर लावायचा?
पावडरचा डबा? आई चहात घालते.
तरी मी परवानगी दिली. म्हणाली, बरं.
शेवटी विचारलं, नव्या नंबरवरून एवढे फोन केले, एक तरी उचलायचास. म्हणाली, अहो, अनोळखी नंबर उचलायचा नाही, तुम्हीच नव्हतं का बजावलं?
तेवढं एकच ऐकलं.