पाटीत बांधलेली मुलगी माल नसल्याबद्दल

प्रति,
मेहेरबान तपासणी अधिकारी साहेब,
मोटारी व भारवाहू वाहने,
नगर–मनमाड रस्ता विभाग

अर्जदार : शलमोन याकोब पाटोळे, निवृत्त मुख्याध्यापक, मु. पो. कोल्हार, जिल्हा अहमदनगर

विषय : मोटारीतून तान्ह्या मुलास पट्ट्याने बांधून नेण्यास परवानगी मिळणे व जप्त झालेली पाटी पट्ट्यांसह परत मिळणेबाबत.

संदर्भ : (१) धान्यनाक्यावरील जप्तीची पावती, ता. ५ मार्च १९४६.
(२) आपल्या कचेरीची तीन उत्तरे, ज्यांची एकमेकांशी ओळख दिसत नाही.

महोदय,

१. अर्जदाराची पत्नी साराबाई ही शिकलेली नर्स असून कोल्हार येथे तिचे सहा खाटांचे बाळंतपणाचे घर आहे. अर्जदाराने तीस वर्षे शाळेत भूमिती शिकविली. त्यामुळे एखादी गोष्ट सिद्ध केली की ती मान्य होते, असा त्याचा समज होता. आपल्या कचेरीशी पत्रव्यवहार सुरू होईपर्यंत तो टिकला. विलायतेस परत गेलेल्या एका डॉक्टरीणबाईंनी जाताना आपली जुनी मोटार साराबाईस दिली. ती पाच बैठकींची असून तिला कापडी टप आहे, आणि तिचे उजवे दार सुतळीने बांधलेले आहे. दार बांधल्याबद्दल आजवर कोणीही हरकत घेतलेली नाही, हे अर्जदार येथेच नमूद करून ठेवतो. मोटार भीमा नावाचा इसम चालवितो. पेट्रोलच्या कूपनांत बसेल तेवढे, बाळंतिणींना घरी पोचविणे व अशक्त मुलांना तपासणीस आणणे एवढेच तिचे काम.

२. गेल्या जानेवारीत रंगुबाई नावाच्या आजीबाई आपल्या बारा दिवसांच्या नातवास मांडीवर घेऊन या मोटारीतून निघाल्या. उताराला एक म्हैस रस्त्यात आली. भीमाने ब्रेक दाबला. म्हैस थांबली, मोटार थांबली, रंगुबाईंची मांडीही जागच्या जागी थांबली; नातू मात्र थांबला नाही. तो पुढल्या बैठकीवरून जाऊन भीमाच्या पायांशी पडला. तेथे बाळंतविड्याच्या दोन गोधड्या ठेवलेल्या होत्या, म्हणून वाचला. सर्वांनी मुलाच्या नशिबाची तारीफ केली. मांडीत काही दोष आहे असे कोणालाही वाटले नाही. "माज्या मांडीवरून सात लेकरं उतरली, एक बी पडलं न्हाई," असे रंगुबाईंचे म्हणणे पडले. त्यावर भीमा एवढेच म्हणाला, "आज्जे, तवा मांडी बैलगाडीत हुती. बैल थांबताना इचार करतो. मोटार करत न्हाई."

३. अर्जदार त्या दिवसापासून विचार करू लागला. त्याने बुरुडाकडून एक खोलगट पाटी विणून घेतली, आत गोधडी शिवून बसविली आणि टांग्याच्या घोड्याच्या जुन्या साजातले दोन चामडी पट्टे लावून ती मागल्या बैठकीच्या लोखंडी सांगाड्याला आवळली. तिसरा पट्टा मऊ फडक्यात गुंडाळून मुलाच्या पोटावरून घेतला. मग प्रवरेच्या वाळवंटातल्या वाडीवरून पाच-पाच पौंडांची कलिंगडे आणविली. एक पाटीत बांधले, एक साराबाईच्या मांडीवर दिले आणि भीमास सांगितले की, म्हैस आली असे समज. असे चार वेळा केले. मांडीवरची चारही कलिंगडे फुटली. पाटीतले एकच कलिंगड चारही वेळा शाबूत राहिले. साराबाईस लुगडे बदलावे लागले, पण सिद्धता पुरी झाली.

४. यानंतरची अडचण कायद्याची नव्हती, रीतीची होती. म्हणून ती सुटली. पुणतांब्याचे शेतकरी आसाराम यांची पत्नी विजयमाला हिला जानेवारीत सातव्या महिन्यातच मुलगी झाली. जन्मतः वजन साडेतीन पौंड. मुलीस घरी बायडा म्हणतात. साराबाईने तिला सव्वा महिना कापसात ठेवून जगविले आणि घरी जाऊ दिले ते एका अटीवर : दर मंगळवारी कोल्हारास आणून वजन करावयाचे आणि त्याप्रमाणे दूध ठरवावयाचे. जाणे-येणे चव्वेचाळीस मैलांचे. बैलगाडीत त्या मुलीचा उन्हाने निकाल लागेल, म्हणून मोटार.

मुलीची आजी केशरबाई हिने पाटी पाहिली, पट्टे पाहिले आणि ती मोटारीतून खाली उतरली. "मेल्याला बांधत्यात ओ, मास्तर! तिरडीला! जित्या लेकराला कुनी बांधून न्हेतं का?" यावर अर्जदाराने कलिंगडांचा दाखला दिला. तो द्यावयास नको होता. "माजी नात म्हंजी कलिंगड हाय व्हय?" असे ती म्हणाली; भूमितीच्या तीस वर्षांत असा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

उत्तर साराबाईपाशी होते. तिने पट्टे सोडून घरात नेले, तेल-काजळीने काळेभोर केले आणि परत आणून लावले. म्हणाली, "आजी, लेकराच्या कमरेला काळा करदोटा बांधता ना, दृष्ट लागू नये म्हणून? घरात छोटा पुरतो. मोटारीला मोठा लागतो." केशरबाईने पट्टा हाताने चाचपला, ओढून पाहिला, आणि मोटारीत बसली. पुढल्या मंगळवारी तीच शेजारणींना सांगत होती की, बिनकरदोट्याच्या मोटारीत लेकरू घालणारी आई कसली! १९ व २६ फेब्रुवारी या दोन्ही मंगळवारी बायडा पाटीत झोपून आली आणि झोपूनच गेली.

५. मार्च महिन्यात तालुक्याच्या शिवेवर धान्यनाका बसला. चोरून ज्वारी जाऊ नये हा त्याचा हेतू असून त्याबद्दल अर्जदारास आदरच आहे. ता. ५ रोजी तेथील जमादारांनी मोटार थांबविली व फडक्याने झाकलेली, पट्ट्यांनी बांधलेली पाटी पाहिली. फडके उचलले. आत बायडा होती. तिने जांभई दिली. ज्वारी नव्हती, हे जमादारांनी मान्य केले. परंतु त्यांच्या वहीत दोनच रकाने होते : उतारू आणि माल. "मास्तर, सुटं आसंल तर मानूस, बांधलेलं आसंल तर माल. मानूस आसंल तर हितं नाव लिवतो, माल आसंल तर हितं वजन लिवतो. दोन्ही कसं लिवू, तुमीच सांगा." अर्जदाराने सांगितले की नाव आणि वजन दोन्ही एकाच मुलीचे आहे. जमादारांनी मान हलविली व ज्वारीच्या काट्यावर पाटी ठेवली.

केशरबाई त्यांच्यावर ओरडली, "करदोटा काडतोस लेकराचा? तुज्या घरी पोरंबाळं हायेत का न्हाईत रं?" तेव्हा जमादार थोडे थांबले. त्यांनाही दोन मुलगे असून दोघांच्या कमरेला करदोटा आहे, असे ते हळू आवाजात म्हणाले. पण लेखणी थांबली नाही. वहीतली नोंद अर्जदाराने वाचली आहे ती अशी : "पाटी एक, खासगी मोटारीत बांधलेली. आत बालक एक, जिवंत. काळे पट्टे तीन. बिगरपरवाना माल समजून पाटी व पट्टे जप्त. बालक आईच्या मांडीवर सुटे करून दिले." शेवटच्या वाक्याखाली जमादारांनी समाधानाने रेघ ओढली होती.

६. अर्जदाराने आपल्या कचेरीस लिहिले की पाटी हा माल नसून बैठक आहे. उत्तर आले की, मोटारीस पाच बैठकींची मंजुरी आहे, सहावी बैठक बेकायदेशीर होय. शिवाय बैठकीवर उतारूने बसले पाहिजे, आणि पाटीतील उतारू निजलेला आढळला. अर्जदाराने उलट टपाली कळविले की उतारूचे वय अडीच महिने असून त्यास अद्याप बसता येत नाही. त्यावर दुसरे उत्तर आले : बसता येऊ लागल्यावर पुन्हा अर्ज करावा.

तेव्हा अर्जदाराने, लाज बाजूस ठेवून, मालाचाच परवाना मागितला. तिसरे उत्तर असे की, जिवंत माल हा जनावर या सदरात येतो. सबब जनावरांच्या डॉक्टरचा दाखला जोडावा. उत्तरासोबत आपण छापील नियम धाडले, त्याबद्दल अर्जदार ऋणी आहे. त्यातील कलम अकरा असे : "शेळीचे करडू अथवा तत्सम लहान जनावर वाहनातून नेताना हिसक्याने पडून त्यास इजा होऊ नये म्हणून मऊ बिछान्यावर ठेवून पट्ट्याने बांधावे." हे कलम वाचून अर्जदाराच्या डोळ्यांत पाणी आले. ज्याने ते लिहिले तो गृहस्थ दयाळू, विचारी आणि करडांवर माया करणारा असला पाहिजे. त्याची आणि बायडाची गाठ पडली नाही, हे तिचे दुर्दैव.

७. जनावरांच्या डॉक्टरांनी मुलगी तपासली. भला माणूस. त्यांनी लिहिले, "प्राणी तरतरीत. डोळे स्वच्छ. दात नसल्याने वय सांगता येत नाही. वजन वाढवावे." त्यांनी कानात बिल्ला मारण्याबद्दलही विचारले, पण मुलगी घरी येताच सोनाराने दोन्ही कान टोचलेले असल्याने तो विषय विजयमालेच्या एका नजरेसरशी संपला. दाखला घेऊन भीमा आपल्या कचेरीत गेला. तेथील कारकुनांनी तो वाचला, शिक्का पाहिला व तोंडी सांगितले की, दाखला बरोबर आहे; मात्र मालाच्या परवान्यावर उतारू नेता येत नाहीत. म्हणजे मुलगी बांधली की आईने उतरावयाचे, आणि आई बसली की मुलगी सोडावयाची. भीमाने विचारले, "मंग त्या लेकराला रस्त्यात दूध म्या पाजू का?" यावर कारकुनांनी लेखी अर्ज करण्यास सांगितले. तोच हा अर्ज.

८. येथपर्यंत अर्जदाराने शक्य तितके हसत लिहिले. पुढचे तसे लिहिता येत नाही.

ता. २६ मार्च, मंगळवार. बायडा नियमाप्रमाणे सुटी, केशरबाईच्या मांडीवर होती. केशरबाईने तिला दोन्ही हातांनी धरले होते; तिच्याइतके घट्ट कोणी धरू शकणार नाही. राहात्याच्या अलीकडे बैलगाड्यांची रांग आडवी आली. भीमाने ब्रेक दाबला. केशरबाईचे हात मिटलेलेच राहिले, पण ते रिकामे होते. मुलीचे कपाळ पुढल्या बैठकीच्या कडेवर आपटले. एक आण्याच्या नाण्याएवढी खोक पडली. टाळू वाचली ती बोटभर अंतराने. मुलगी लगेच रडली नाही. ती रडेपर्यंत मोटारीत किती वेळ गेला ते अर्जदारास सांगता येणार नाही. घड्याळ त्याच्या खिशात होते, पण त्याने ते काढले नाही. त्या दिवसापासून केशरबाई नातीस हात लावीत नाही. "माज्याच हातानं झालं," असे म्हणून ती ओसरीच्या टोकाला बसून राहते.

अर्जदाराने हा प्रकार नाक्यावर कळविला. चौकशी झाली. निष्कर्षाची नक्कल सोबत आहे : "बालकास जखम मांडीवर असताना झाली असल्याने कोणत्याही नियमाचा भंग झाल्याचे आढळत नाही."

९. महोदय, अर्जदाराची मागणी फार नाही. जमादारांच्या वहीत तिसरा रकाना आखून द्यावा. त्यास काय नाव द्यावे हे आपण ठरवावे. "मूल" असे सुचवावेसे वाटते. ते जमत नसेल तर दोन वर्षांखालील सर्व मुले, कोल्हार ते पुणतांबे एवढ्याच अंतरापुरती, कलम अकराच्या कामी करडे समजण्यात यावीत व करडाबरोबर त्याच्या आईस बसू द्यावे. मुलीचे वडील आसाराम यांची यास लेखी संमती आहे. त्यांनी अंगठा उठविताना एवढेच विचारले, "मास्तर, पुणतांब्याला उतरल्यावर ती परत पोरगी हुईल ना?" अर्जदाराने होय म्हणून सांगितले आहे. आपण त्याचा शब्द राखाल अशी आशा आहे.

१०. आता कळवावयाचे ते असे. गेले दोन मंगळवार बायडा आली नाही. विजयमाला सुटी मुलगी घेऊन मोटारीत चढत नाही, आणि तिला चढ म्हणण्याचे धैर्य अर्जदारास नाही. पुणतांब्याहून निरोप आहे की मुलगी दूध टाकू लागली आहे. साराबाई म्हणते की तिसरा मंगळवार चुकविता येणार नाही. सबब बुरुडाने दुसरी पाटी विणली आहे. ता. १६ एप्रिल रोजी सकाळी मोटार पुणतांब्याहून निघेल. मुलगी पाटीत असेल, पाटी बैठकीला बांधलेली असेल, आई शेजारी असेल. अर्जदार पुढे बसेल. नाका चुकविला जाणार नाही. भीमास तशी ताकीद आहे. जमादारांनी अर्जदारास उतरवून घ्यावे, वहीत कोणत्याही रकान्यात लिहावे आणि हवे तेथे पाठवावे. त्याचे वय एकसष्ट असून त्यास बसता येते. मोटार मात्र तेवढ्यात कोल्हारास जाऊ द्यावी. आणि पाटी जप्त करणे फारच आवश्यक वाटल्यास एवढी मेहेरबानी व्हावी की, चाके पुरती थांबेपर्यंत कोणीही मुलीच्या पट्ट्यास हात लावू नये.

कळावे. मंगळवार खेरीजकरून सर्व वारी आपला आज्ञाधारक,

शलमोन याकोब पाटोळे
कोल्हार, ता. ११ एप्रिल १९४६

सोबत :
जप्तीची पावती.
आपल्या कचेरीची उत्तरे, तीन.
जनावरांच्या डॉक्टरांचा दाखला.
जखमेच्या चौकशीच्या निष्कर्षाची नक्कल.
आसाराम यांचे संमतिपत्र, अंगठ्यासह.
मुलीच्या वजनाचा तक्ता. यातील शेवटच्या दोन ओळी कोऱ्या आहेत. ती लेखनिकाची चूक समजू नये.