रुळांवर ठेवलेला पूल

इन्सुली, ३ मार्च १९६३

तीर्थरूप आयेस,

धाकूचा पाया पडून नमस्कार. जेवणखाण वेळेवर आहे, माझी काळजी करू नकोस.

आम्ही बांधतोय त्या पुलावर मात्र माझा विश्वास बसत नाही. वरचा भाग खांबांना पक्का केलेलाच नाही, लाटण्यासारख्या गोल लोखंडी रुळांवर नुसता ठेवलाय. मधे फटही सोडलीय. मला वाटले, कंत्राटदाराने लोखंड खाल्ले. इंजिनियर साहेब म्हणतात, उन्हात पूल वाढतो, त्याला जागा हवी. असे कधी ऐकलेस?

मी सकाळी खांब आणि पूल मिळून सुतारी पेन्सिलीने एक रेघ मारली. दुपारी तिची टोके जुळेनात. आये, पूल खरेच हलतो!

विजयदुर्गचा अलीमियाँ माझ्यासोबत कामाला आहे, तो हसला. म्हणाला, “होडी धक्क्याक ताठ बांधतंस काय रे? ओहोटीक दोरी तुटतली. ह्यापण तसाच आसा.”

पटले. धाकटा बाबू आपली होडी ढिली बांधतो ना? तुझा गुडघा कसा आहे?

आंबे उतरवून झाले की तू इकडे येशील. तोवर एस.टी. या पुलावरून धावेल म्हणतात. तू मात्र अलीकडेच उतर. मी होडी घेऊन थांबतो.

तुझ्या पायांशी,
धाकू