चौलच्या कोड्याची उकल

४ नोव्हेंबर
आलो एकदाचा चौलला! साप्ताहिकाच्या छापखान्यामागे खोली, खिडकीबाहेर सुपारीची वाडी, आणि काम असं की मी फुकटातही केलं असतं. दर आठवड्याचं गूढ शब्दकोडं सोडवायचं आणि उत्तर कसं आलं ते वाचकांना समजावून सांगायचं. माझी बायको रचना उरणहून फोनवर म्हणाली, कोडी म्हणजे माझी सवत, तिचाच आता तुला पगार मिळणार. बंदराच्या कचेरीतली नोकरी आटोपती घेतली की तीही इथेच येईल. कोडं कोण रचतं, ते संपादकांनाही ठाऊक नाही. सकाळी दाराखाली सापडतं म्हणे. संपादकांना सगळे नुसतं 'साहेब' म्हणतात.

गाव मात्र तिरसट. वाण्याला नाव विचारलं तर त्याने सुटे पैसे अंगावर फेकले. शेजारणीने दार लावून घेतलं. घरांवरच्या नावांच्या पाट्यांना चुना फासलाय. मासळीवाली तेवढी हसली. म्हणाली, मी केसर, बोंबील ताजं हाय, घे. बाकीच्या बायका तिच्याकडे बघतच राहिल्या.

९ नोव्हेंबर
कोडं अवघड, पण मीही काही कच्च्या गुरूचा चेला नाही. सगळ्यात देखणं सूत्र: 'सरके विस्कटून दूध रंगवी (३)'. वाचकांसाठी लिहिलं: 'विस्कटून' म्हणजे आधीच्या शब्दाची अक्षरं मोडा आणि नव्याने जुळवा. स, र, के यांचं होतं केसर, आणि दुधाला रंग देतं तेच. लिहून झाल्यावर स्वतःवरच खूश झालो. उद्या अंक निघेल.

११ नोव्हेंबर
केसर गेली. अंक वाटला गेला त्याच सकाळी, होडीतून टोपली उतरवताना, गुडघाभर पाण्यात बुडाली. गुडघाभर! बायका माझ्या तोंडावर म्हणाल्या, नाव सांगितलं नसतं तर वाचली असती. मला संताप आला. योगायोगाचं खापर माझ्यावर का?

१३ नोव्हेंबर
साहेबांना धरलं. ते शांतपणे म्हणाले, सोडवणारा ज्यांना नावानिशी ओळखतो, त्यांच्यातलंच एक नाव कोड्यात येतं. तो शब्द भरून छापला की ते माणूस जातं. म्हणून गावातलं कुणी कोडं सोडवत नाही, बाहेरचा आणतात. कोरं सोडलं तर काय, विचारलं. एकदा सोडलं होतं. मागची आळी अख्खी गेली. नीच माणसं! मला जगात आहे कोण? एक रचना.

१६ नोव्हेंबर
नवं कोडं आलं. पळून जायचं मनात आलं, पण कोडं कोरं राहिलं तर आणखी एक आळी जाईल, आणि तिथेही पोरंबाळं असतील. साप मरावा आणि काठी मोडू नये, अशी युक्ती केली. आडवं एकही सूत्र वाचलं नाही. फक्त उभे शब्द भरले: सागर, चटई, खजिना. निर्जीव वस्तू. कोडं कोरं नाही आणि नावही नाही. छापायला दिलं.

१७ नोव्हेंबर
अंक हातात आहे. 'सागर' वरून येतो, खाली र. शेजारी 'चटई'चा च. त्याच्या शेजारी 'खजिना' संपतो, ना.
आडवी तीन घरं आपोआप भरलीत. मी तिथे शब्द लिहिलाच नव्हता—
आता सूत्र वाचलं. 'घरच नाही, पोटात मांडणी (३)'. पहिलं अक्षर सोडा, शेवटचं सोडा, पोटात उरतं—
नाही. हे मी समजावणार नाही.

फोन उचलत नाही ती. गठ्ठा जाळायला धावलो. अंक वाटून झालेत.

दुपारी
शेजारीण आली. गरम भाकऱ्या घेऊन. गोड हसली. म्हणाली, या खेपंला आमच्यातला कुनी न्हाय.
तिला हाकललं. दाराबाहेर वाणी उभा. तोही हसतोय—

फोन! रचनाचाच नंबर—
बोलणारा पुरुष आहे. उरणचा रस्ता, कंटेनरची गाडी. विचारतोय, या बाईंचे तुम्ही कोण. बाईंचं नाव काय.
फोन चालूच ठेवलाय, इथे वहीशेजारी. तो पुन्हा विचारतोय. नाव सांगा, नाव—
मी नाही सांगणार. मी सांगितलंच नाही तर कदाचित ती दुसरीच कुणी—