रिकामा गोल

प्रिय कांग्वा,

मुफुलिरा सोडून तू कित्वेच्या संघाचा कोच झालास, तेव्हापासून आमच्या घरात तुझं नाव निघत नाही. हे म्हणायचे, "तुझा भाऊ आपल्याला मेला."

कालच्या फायनलमध्ये आमचा चिसाला, तुझा भाचा आणि मुफुलिराचा गोलकीपर, तुझ्या खेळाडूवर आदळून बेशुद्ध पडला. चेंडू रिकाम्या गोलसमोर होता. खेळायचास तेव्हा असा गोल तू डोळे मिटून मारला असतास. सगळं स्टेडियम ओरडत होतं, "मार!" आणि तू मैदानात धावत सुटलास, "बाहेर घालव! पोरगा मरतोय!"

तुझ्या खेळाडूनं चेंडू बाहेर घालवला. तू चिसालाला कुशीवर वळवलंस, तेव्हा कुठे त्याचा श्वास मोकळा झाला. मैदानात घुसल्याबद्दल पंचांनी तुला लाल कार्ड दाखवलं, तरी तू त्याचा हात सोडला नाहीस. कप आम्हाला मिळाला.

मी नुसती बघत राहिले. एवढा मोठा माणूस माझ्या पाठीवर जन्मला, हे मला कधी कळलंच नव्हतं रे.

चिसाला आज पोटभर न्शिमा जेवला. हे पत्र आता टाकत नाही. हे मघाशी बूट घालता घालता म्हणाले, "चल, मेव्हण्याकडे जाऊन येऊ."

तुझी ताई,
बुपे