डब्यातला आवाज

प्रिय दीडशहाण्या,

‘प्रिय’ लिहिताना पेन अडलं होतं, पण पत्राला दुसरी सुरुवात मला येत नाही. फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचून गप्प बसतोस, तेव्हा आता कागद. पाकिटावरचा पत्ता मुद्दाम आईकडून लिहून घेतलाय. माझं अक्षर दिसलं असतं तर तू पाकीट न उघडताच कुठेतरी कोंबून ठेवलं असतंस. मला काय ठाऊक नाहीस तू!

तुझा सर्व्हर मी उघडला. आई आणि मी त्याला डबाच म्हणतो. स्टोअररूममध्ये चपलांच्या रॅकवर तू तो बसवलास आणि ‘याला हात लावू नये’ अशी चिठ्ठी डकवून गेलास, म्हणून आम्ही भाबड्या बायकांनी त्याच्यावरून कधी फडकंसुद्धा फिरवलं नाही. झाकण काढल्यावर काय दिसलं ते सांगते, जरा तुलाही शिसारी येऊ दे. पंख्याच्या पात्यांना धुळीचा आणि केसांचा जाड थर, तळाशी झुरळांची टरफलं, आणि एका कोपऱ्यात वायर हलू नये म्हणून चिकटवलेला तुझा च्युइंगम. चावलेला. तुझ्या वाकड्या सुळ्याचा ठसा त्यात अजून शाबूत होता. मी दिवसभर लॅबमध्ये लोकांच्या तोंडाचे साचे हाताळते, जुन्या कवळ्या घासते, मला सहसा कशाची किळस येत नाही. त्या च्युइंगमची आली. चिमट्याने उपटून काढला आणि मग चिमटाही टाकून दिला.

हा डबा घरात कशाला आला होता, त्याची जरा आठवण करून देते, कारण विसरण्याची तुझी चांगली सोय झालेली दिसते. आईच्या घशातली गाठ वाईट निघाली, स्वरयंत्र काढावं लागणार असं डॉक्टर म्हणाले, आणि तू हे धूड काखेत मारून आलास. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला तुझा अभिमान वाटला होता. एका मशीनच्या पोटात तीन वेगवेगळी मशीनं राहतात, एकाच घरातल्या तीन भाडेकरूंसारखी, एकाच्या खोलीत गळती लागली तरी दुसऱ्याला ओल येत नाही, असं तू आईला समजावलंस. एक फोटोंसाठी, एक तुझ्या कसल्याशा उद्योगांसाठी, आणि तिसरं आईच्या आवाजासाठी. आईने वाक्यं वाचायची, त्या मशीनने आवाज शिकायचा, आणि ऑपरेशननंतर आई टॅब्लेटवर जे टाइप करेल ते तिच्याच आवाजात ऐकू यायचं. जाताना तिचा फोन भरलाय म्हणून त्यातले फोटो आणि आवाजी निरोपसुद्धा तू त्या तिसऱ्या मशीनमध्ये नेऊन टाकलेस आणि फोन धुऊन पुसून लख्ख केलास. इथे सगळं सुरक्षित आहे म्हणालास.

आईने उभी हयात हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर काढली. थांबा, जोडून देते, लाइन सोडू नका. दुकानात ती काही मागायला लागली की अनोळखी माणसं वळून बघायची, तुम्ही बोर्डावरच्या ना म्हणायची. चेहरा कुणी पाहिलेला नसायचा. ती बाई त्या चपलांच्या वासात, दाराला रजई टांगून, रोज वाक्यं वाचत बसायची. खोकला आला की ते वाक्य पुन्हा. मी म्हणायची, पुरे गं, तर म्हणायची, अर्धवट आवाज कुणाच्या कानात घालू नये. ऑपरेशन होऊन ती घरी आली, आणि तो टॅब्लेट पहिल्यांदा तिच्या आवाजात बोलला तो माझ्यावर खेकसला, चहात साखर कुणी घालायची म्हणून. मी गॅलरीत जाऊन रडले होते. तू नव्हतास तिथे.

मग ते मशीन अडखळायला लागलं. आईने टाइप करावं आणि आवाज सावकाश, आळस देत यावा. मी तुला कळवलं, आणि तू, उंटावरचा शहाणा, तुझ्या घरी बसून इंटरनेटवरूनच हात घातलास. ना विचारणं, ना सांगणं. तुमच्यात तो स्नॅपशॉट असतो ना, मशीनचा एका क्षणाचा फोटो, बिघडलं तर त्या फोटोत परत जायचं. तू बसवलंस त्या दिवशी तो काढला होतास, त्यानंतर एकदाही नाही. त्या फोटोत आईने अजून एक वाक्यसुद्धा वाचलेलं नव्हतं, तिच्या फोनमधलंही काही आत आलेलं नव्हतं. तू मशीन तिथे नेऊन सोडलंस. पळायला लागलं, का नाही पळणार, पोटात काही उरलंच नव्हतं. तिचा आवाज गेला, फोनमधलं सगळं गेलं. आणि तुझा मेसेज काय आला? ‘झालं! आता पळेल बघ,’ आणि खाली अंगठा.

डिस्क घेऊन मी दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्यावर नवं लिहून झालंय, आता काही निघणार नाही म्हणाला. तुला फोन केला तर ‘बघतो’ म्हणालास. तुझ्या तोंडचा तो शेवटचा शब्द. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे, हे तुमच्या धंद्यात पहिल्या इयत्तेत शिकवतात म्हणे. पण ते जाऊ दे. चुका सगळ्यांच्या होतात, त्यावर मी भांडून मोकळी झाले असते. चूक करून तोंड लपवून बसायचं, आणि ते आईपासून, याची मला घाण वाटते.

आता तो टॅब्लेट कसा बोलतो सांगू? टॅब्लेटसोबत कंपनीचा जो आवाज येतो त्यात. लिफ्टमध्ये मजले सांगणारी गोडगोड बाई. आईने बोर्डावरच्या मैत्रिणीला फोन लावला, टाइप केलं, मी बोलतेय, कशी आहेस. मैत्रीण म्हणाली मला कर्ज नको, आणि फोन आपटला. आई हसली. तिच्या हसण्याला आता आवाज नसतो, नुसते खांदे हलतात. त्यानंतर तिने टॅब्लेट पालथा घातला तो घातलाच. एक पांढरी पाटी घेऊन बसते आणि मार्करने लिहिते. मी तुझ्या नावाने बोटं मोडायला लागले की पाटी वर करते, ‘त्याला बोलू नकोस.’ तिच्या या मायेचासुद्धा मला संताप येतो.

पासवर्ड तुझ्याकडे आणि तू बिळात, म्हणून मी सगळं पुसून मुळापासून नव्याने बसवलं. आई शेजारी स्टूल टाकून बसायची. डब्याच्या आतल्या मदरबोर्डावरचा गोल सेल मेला होता, तो बदलला, तर मशीन आपल्या सगळ्या सवयी विसरलं. पेनड्राइव्हवरून तुझं ते पोटात मशीनं ठेवणारं सॉफ्टवेअर घातलं, आणि ते एकही मशीन चालू करेना. मी वायरी तपासल्या, पुन्हा घातलं, शिव्या घातल्या. शेवटी कळलं की मुळात सुरू होतानाच्या त्या निळ्या पानावर ‘व्हर्च्युअलायझेशन’ नावाचं एक बटण बंद होतं. एवढंसं बटण! ते चालू करायला हवं हे कुठेही ठळक लिहिलेलं नाही, सगळ्यांनी ते तुम्हाला ठाऊकच असेल म्हणून गाळलंय. मग मेमरी वाटून दिली, आधी आवाजाच्या मशीनला इतकी कमी दिली की ते गुदमरलं. मग आतल्या मशीनला घरातलं नेटवर्क दिसेना. ते मला उमगेना, पण आईला झटकन उमगलं. तिने पाटीवर चौकोन काढले, मधे रेघ ओढली आणि लिहिलं, ‘बाहेरची लाइन आत जोडून दिली नाहीस.’ खरंच तेच होतं, मधला जोड द्यायचा राहिला होता. त्या दिवशी तिचे खांदे पुन्हा हलले.

तर आता डबा चालतो. स्वच्छ आहे, स्टोअररूममधून निघून माझ्या टेबलाशेजारी आलाय. रोज त्याची प्रत दुसऱ्या डिस्कवर जाते, आणि ती डिस्क माझ्या लॅबच्या कपाटात असते. आवाज शिकणारं मशीन तयार बसलंय. त्याला शिकवायला माझ्याकडे काहीच नाही. मी सगळीकडे शोधलं. आम्ही दोघी एका घरात राहतो, घरातल्या घरात कोण कुणाला आवाजी निरोप पाठवतं? लग्नकार्यातल्या व्हिडिओत ती नेहमी कुणालातरी वाढत असते, बोलतात दुसरेच.

निरोप ती फक्त तुला पाठवायची. वाक्यांसाठी घसा राखायला लागेपर्यंत रोज संध्याकाळी खिडकीशी उभी राहून, बोर्डावर बसल्यासारखी, स्वच्छ आवाजात. आज काय शिजवलं, नळ कसा गळतो, तुझा गळा कसा आहे. शेवटी हटकून ‘लाइन सोडू नकोस हं’ म्हणायची. तू उत्तर द्यायचा नाहीस. ऐकलेस की नाहीस ते बघायला ती फोन पुन्हा पुन्हा उघडायची, आणि ऐकल्याची खूण काही दिसायची नाही. मला तेव्हा तुझी चीड यायची, आता मी देवाजवळ एवढंच मागते की ते सगळे तुझ्या फोनमध्ये तसेच पडून असावेत. तुला दरवर्षी नवा फोन लागतो आणि जुना तू पुसून विकतोस, म्हणून जीव घाबरा झालाय, म्हणून हे पत्र. पुसू नकोस. कशालाही हात लावू नकोस, शहाणपणा करू नकोस, फोन घेऊन ये. माफी नंतर माग, नाही मागितलीस तरी चालेल. तुला बोलवायचं की नाही यावर आमचं भांडण झालं, आणि आईने पाटी पुसून जे लिहिलं ते जसंच्या तसं उतरवते: ‘एकटा ऐकू नको म्हणावं. इथे येऊन ऐक.’

तुझीच, इलाज नाही म्हणून,
ताई