नाल्याअलीकडची अठरा घरं

१९ ऑगस्ट, मंगळवार
सकाळी जप अर्धाच सोडून नाल्यावरच्या पुलावर गेलो. काल नगर परिषदेच्या फळ्यावर नवी प्रभाग रचना लागली. पाच आणि सहामधली हद्द नाल्याने जायला हवी. ती मधेच अलीकडे येते, मटणाच्या दुकानामागची घरं सहात ओढते आणि पुन्हा नाल्याला लागते. घरं मोजली. अठरा. परत मोजली. अठराच.
तिथंच यूनुसभाईंचं मोटार वाइंडिंगचं दुकान. यंदाही पाचमधून निवडणुकीला उभे राहणार. म्हणाले, "गुरुजी, मी पाचात, सख्खा भाऊ सहात. आता वाटीभर साखर मांगाले जाचं तं पासपोर्ट लागन." हसले. मग हळूच, "मांगच्या खेपेले एवढ्याच घराच्या मतानं पडलो. कोनं केलं हे?"

२० ऑगस्ट
न.प.त गेलो. नकाशांचं काम प्रकाशराव बाबूकडे. "जनगणनेचा गट फोडता येत नाही, गुरुजी. नियम हाय." मग कापसाच्या जिनिंगजवळचा गट मधोमध कसा फुटला, विचारलं. कानात काडी फिरवत बसला. निघताना म्हणाला, "अन् ते घरं सहाच्या गटात आमी नाही टाकले. जुन्या नकाशावर सही कोनाची हाय, पाहा एकदा."
माझी. २०११ च्या जनगणनेत त्या भागाचा प्रगणक मीच.
जूनमध्ये हाच प्रकाशराव घरी येऊन माझ्याकडची त्या नकाशाची प्रत झेरॉक्सला घेऊन गेला होता. चहा पिऊन. मी कौतुकाने दिली.

२१ ऑगस्ट
पूजेत मन नाही. सगळं आठवलं. गणतीच्या महिन्यात माझं व्रत होतं. त्या मटणाच्या दुकानावरून जायचं म्हणजे घरी येऊन आंघोळ. म्हणून ती घरं मी पलीकडच्या प्रगणकाला दिली आणि नकाशावर रेघ अलीकडे ओढली. माणूस एकही सुटला नाही, म्हणून मनाला लागलं नाही.
पण इतक्या नकाशांतून हीच रेघ बाबूला कशी सापडली? पाचच्या नगरसेवकाच्या गाडीत त्याला दोनदा पाहिलंय. पुरावा काही नाही. माझ्याविरुद्ध मात्र आहे, माझ्याच अक्षरात.

२३ ऑगस्ट
काल पोळा. आज शाळेत मुख्याध्यापकांना सांगितलं, हरकत देतोय. "लिहून द्याल तं नोटीस येईन. आठ वर्षं राह्यले नोकरीचे. काहून अंगावर घेता?" घरी ही म्हणाली, "चूक झाली म्हना. व्रताचं कायले सांगता?"
तेवढंच तर खरं कारण. ते गाळलं तर...

२४ ऑगस्ट, रविवार
यूनुसभाईंना सांगून आलो. "मतलब, आमच्या गल्लीत पाय टाकाले नको वाटे तुमाले?" हो म्हणालो. हात तार गुंडाळतच राहिले. मग, "अन् मी तुमच्या शाळेची मोटर जळली का फुकट भरून देतो, गुरुजी." दरवेळी चहा सांगतात. आज नाही. बरोबरच आहे.

२५ ऑगस्ट, सोमवार
हरकत दिली. माझी रेघ, माझं कारण, जिनिंगचा गट, जूनमध्ये प्रत कोणी नेली, सगळं लिहिलं. आवक खिडकीवरचा कारकून म्हणाला, "व्रताचं खोडा, गुरुजी. नुसतं नजरचूक लिहा, चालते."
नजर चुकली नव्हती. खोडलं नाही.
तो शिक्का हातात धरून प्रकाशरावकडे पाहत राहिला. मी खिडकीपासून हललो नाही. शेवटी शिक्का बसला. सुनावणीची तारीख कळवतील म्हणे. सुनावणी हरकतीची की माझी, ते बोलला नाही.