वैशालीचा जामीनदार

४ जून २०१३, मंगळवार
कॉलेजच्या बोर्डाची मीटिंग. वॉर्डातल्या परदेशी रहिवाशांची प्रतिनिधी म्हणून वर्षभर तिथे फक्त चहा प्यायलेय. आज तोंड उघडलं. विषय वैशालीचा. सोलापूरची शिकलेली नर्स, इथे जेवणाच्या डब्यांच्या कारखान्यात भात भरते. कॉलेजचा वृद्धसेवेचा दोन वर्षांचा कोर्स करायचाय, पण नियम असा की परदेशी विद्यार्थ्याला जामीनदार जपानीच हवा. ती कुठून आणणार? दहा मिनिटं बोलले, जपानीत, न अडखळता.

कुणी हूं की चूं नाही. सकामोतो-सान (तांदळाचे दुकानदार, बोर्डावर सर्वांत जुने) यांनी तर डोळेच मिटले. पुढचा विषय सायकल स्टँड. त्यावर पाऊण तास!

डोकं फिरलंय.

५ जून
इराला सांगितलं. पोरगी कपाळाला हात लावून, "आई, तू डायरेक्ट मीटिंगमध्ये विचारलंस? आधी एकेकाला भेटायचं असतं. मीटिंगमध्ये फक्त हो म्हणतात. आमच्या क्लासमध्येपण सेम."

शाळेतल्या पोरांना कळतं ते मला सात वर्षांत कळलं नाही. म्हणजे मी सगळ्यांना चारचौघांत कोंडीत पकडलं. शरम वाटली. तासभर. मग आठ जणांची यादी केली.

२२ जून, शनि.
सायकलवरून हिंडून सात घरं झाली. प्रत्येकाकडे नारळाच्या वड्या. एका माजी मुख्याध्यापिकेने कृती लिहून घेतली, वर गुळाबद्दल तीन प्रश्न. सातही हो!

घरी आले तर नवरोबा अवि म्हणतो, "निवडणूक लढवतेयस का?" हो, लढवतेय. त्याच्या पुण्याच्या बदलीचं अजून अधांतरीच.

उरले सकामोतो.

३० जून
गेले दुकानात. वडीला हात लावला नाही. सरळच म्हणाले, "दोन वर्षांपूर्वी भूकंप झाला तेव्हा तुमची माणसं आठवड्यात विमानात. आमच्या म्हाताऱ्यांना सांभाळायला शिकायचं आणि अर्ध्यात जायचं?"

लागलं. कारण खोटं नाही, आमची निम्मी इमारत तेव्हा रिकामी झाली होती.

"मी नव्हते गेले. तुमच्याच दुकानात रांगेत होते. तुम्ही माणशी एकच पिशवी देत होता."

"लाल सायकल," म्हणाले. "दारातच लावली होतीत. दोनदा सांगूनही काढली नाहीत."

तीच मी!

हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. वडी मात्र खाल्ली.

९ जुलै, मंगळ.
पास! पास!!

चार पानी भाषण नेलं होतं, पिशवीतून बाहेरसुद्धा आलं नाही. सकामोतो-साननी स्वतःच मांडलं: जामीनदार परदेशी चालेल, पण वॉर्डात राहणारा, आणि कोर्स संपेपर्यंत वॉर्डातच राहीन असं लिहून देणारा. सगळ्या माना हलल्या. एक मिनिट. पुढचा विषय: सायकल स्टँड.

वै.ला स्टेशनवरूनच फोन. आधी रडली, मग म्हणाली, "ताई, शेंगाचटणी डबाभर आणते बघा तुमाला." येताना चार डबे दही घेतलं, टांगून चक्का, श्रीखंड. जिंकले मी. दुसरा शब्द नाही.

१३ ऑगस्ट
अविच्या बदलीचं पत्र आलं. मार्चमध्ये पुणे, पक्कं. "तुला हवं होतं ना?" हवं होतं की. आईबाबा, घर, सगळंच. मग आईबाबांना फोन का लावला नाही, कुणास ठाऊक.

१० सप्टें.
वै. अर्ज घेऊन आली. उद्या शेवटची तारीख. सगळं भरलेलं, जामीनदाराची चौकट रिकामी. तिच्या नवऱ्याचा हॉटेलमालक नाही म्हणाला. कारखान्यातल्या बायका गप्प. माझ्याकडे बघेना, बदलीचं तिला माहीत आहे. "जाऊ द्या ताई, पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी कोण असणार इथे? आणि सकामोतो काय म्हणतील तेही ऐकू आलं. खणातून माझ्या नावाचा शिक्का काढला (इथे सही म्हणजे तोच), लाल शाईत दाबला, उमटवला. किंचित तिरका, पण स्वच्छ. वै. खाली वाकायला लागली, तिला दटावून चहा दिला.

शाई वाळायला अर्ज माझ्याकडेच ठेवून ती गेली, उद्या मीच कॉलेजात देणार; मग अवि आला. कागद दोनदा वाचला.

"कोर्स संपेपर्यंत वॉर्डातच राहीन, असं लिहिलंय इथे."

"हो. मीच पास करून घेतलंय ते."

"आणि पुणे?"

शाई अजून ओली होती. कागद त्याच्या हातातून घेऊन पंख्याखाली ठेवला.